रुसायची खोली

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर दुसरं कोणीतरी सांगणारच, आणि केडगावात लोक माझ्यापेक्षा रंगवून सांगतात.

माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. रेशनकार्ड, शिष्यवृत्ती, पोलीस भरती, सगळ्या गावाचे फॉर्म मी भरतो. त्यातले बरेच जण लागले, मी दुकानातच राहिलो. दुकान भिमाजीतात्यांच्या घराच्या पुढच्या गाळ्यात आहे. मागच्या एप्रिलात तात्यांची सून, अश्विनीवहिनी, काउंटरशी येऊन म्हणाल्या, "करणभाऊजी, विशेष मुलांचं उन्हाळी शिबिर कुठं असतं का, बघता का? आपल्या ज्ञानूसाठी."

ज्ञानू म्हणजे त्यांची ज्ञानेश्वरी, वय दहा. पुण्याच्या डॉक्टरांनी तिच्या कागदावर 'स्वमग्नता' असं लिहिलंय. तात्या म्हणतात, "पोरगी तिच्या तिच्यात असती." बोलते कमी. जे बोलते ते बहुतेक दुसऱ्याचं ऐकलेलं, जसंच्या तसं. पण गल्लीतल्या प्रत्येक गाडीचा नंबर तिला पाठ. माझ्या मोटरसायकलचा नंबर मला आठवत नाही तेव्हा मी तिलाच विचारतो.

मला दहा मिनिटांत जाहिरात सापडली. 'विशेष बालकांसाठी उन्हाळी शिबिर! जागा मर्यादित!' मी फॉर्म भरला. त्यात 'विशेष प्रावीण्य' असा रकाना होता. मी मोठ्या कौतुकानं लिहिलं, 'दोनशे गाड्यांचे नंबर तोंडपाठ.' संध्याकाळी त्यांचा फोन आला, "अशाच मुलांच्या आम्ही शोधात असतो." मी वहिनींना म्हणालो, "बघा, किती आपुलकी आहे!"

शिबिर शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीतल्या पोरांचं होतं. त्यांच्या भाषेत विशेष म्हणजे हुशार. हे आम्हाला कळलं पहिल्या दिवशी सकाळी, नगरच्या एका मंगल कार्यालयात, साठ पोरं एका सुरात पाढे ओरडत असताना. शिट्टी वाजत होती, माईक कुईंऽ करत होता. एका सरांनी ज्ञानूसमोर माईक धरला आणि विचारलं, "सांग बेटा, एकोणीस सत्ते?"

ज्ञानूनं कान झाकले. मग ती टेबलाखाली गेली. सर माईकवरूनच म्हणाले, "घाबरायचं नाही!" तेव्हा ती उठली आणि अनवाणी थेट रस्त्याकडे धावली. वहिनींनी तिला एका ट्रकच्या चार हात अलीकडे धरलं. मी तिथंच उभा होतो, हातात तिच्या सँडल घेऊन.

त्या दिवसापासून ज्ञानूनं सँडल पायात घातल्या नाहीत. सँडल म्हणजे बाहेर, आणि बाहेर म्हणजे ते. कोणी सँडल हातात घेतल्या तरी ती मोरीत जाऊन दार लावून घ्यायची. माझ्या दुकानासमोरून जाणं तर सोडाच, मला बघितलं की भिंतीकडे तोंड. वहिनी माझ्यावर रागावल्या नाहीत. ते जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, आता एकदाच. पुन्हा फसलं तर ती घराबाहेर पडणार नाही, आणि मीही तिला काढणार नाही."

त्यावर ओट्यावरून तात्या म्हणाले, "करन्या, तुजे कागद पुरं झाले. आता पाय मी लावतो. गाडी तुजी."

आता तात्या कोण, ते सांगायला हवं. मूळ गाव कोल्हार. एसटीत कंडक्टर, तीस वर्षं, त्यातली बहुतेक नगर-मनमाड रस्त्यावर. तिकीट फाडता फाडता माणूस सोयरिकी जमवायचा. कोणाची मुलगी बी.ए. झाली, कोणाच्या पोराला साखर कारखान्यात नोकरी लागली, कोणत्या थांब्यावर कोण कोणाकडे बघून लाजतं, हे सगळं त्यांना माहीत असायचं. त्रेपन्न लग्नं जमवली. सुट्टे पैसे परत द्यायला विसरतील, पण कोणाचं गोत विसरणार नाहीत. बदल्यात रीतीप्रमाणे टॉवेल-टोपी. घरात टोप्यांची एक ट्रंक आहे. मी एकदा म्हणालो होतो, "तात्या, डोकं एक आणि टोप्या त्रेपन्न?" तर म्हणाले, "बावन्न. एक परत केली." तेव्हा मी पुढं विचारलं नाही.

स्थळ बघण्याची त्यांची पद्धत ठरलेली. सांगून जायचं नाही. पुढच्या दारानं जायचं नाही. मालकाशी सगळ्यात शेवटी बोलायचं. शिबिरांनाही त्यांनी तीच पद्धत लावली.

पहिल्या ठिकाणी एसी होता, गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक होतं, आणि टाय घातलेले एक साहेब होते. साहेब म्हणाले, "तीन आठवड्यांत शंभर टक्के फरक. लेखी देतो." तात्या उठलेच. बाहेर येऊन मला म्हणाले, "पहिल्याच बैठकीत 'पोरीला रानीसारखी ठिवू' म्हनतो, त्याच्या घरी पोरगी द्यायची न्हाई."

दुसरं ठिकाण मला आवडलं होतं. माणसं प्रेमळ, भिंतींवर चित्रं. शेवटच्या दिवशी गॅदरिंग, त्याचा सराव रोज. तात्यांनी तिथल्या ताईंना विचारलं, "आन् ज्याला नाचायचं न्हाई?"

"त्याला आम्ही झाड करतो, काका. सगळ्यांना सामावून घेतो."

"धा दिवस झाड?"

"फांद्या पण हलवायच्या असतात."

 परत येताना सक्कर चौक ओलांडल्यावर तात्या म्हणाले, "मान्सं वंगाळ न्हाईत. पन टाळ्या आईबापाच्या, आन् उनात उभं ऱ्हायचं झाडानं."

तिसरं ठिकाण एका शाळेच्या तीन खोल्यांत होतं. सुट्टीपुरत्या त्या खोल्या शरिफा मॅडमनी मागून घेतल्या होत्या. मॅडम विशेष मुलांच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. जाहिरात नाही, फलक नाही; पत्ता तात्यांच्या एका जुन्या प्रवाशाकडून मिळालेला. मी वैतागलो होतो. ऊन चाळीसच्या वर, तात्या पुढच्या फाटकाकडे बघायलाही तयार नाहीत. आम्ही मागून शिरलो. नळाशी साळूबाई नावाच्या एक मावशी भांडी घासत होत्या. तात्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि तिथंच उकिडवे बसले.

"मावशी, किती पोरं हायती?"

"चौदा."

"रडत्यात का?"

"रडत्यात की. पोरं हायती, फोटू न्हाईत."

तात्यांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. मावशींना एक गुण पडला होता.

"मंग रडल्यावर काय करता?"

"काय करायचं? त्यांची खोली हाय ना." मावशींनी राखेच्या हातानं कोपऱ्याकडे दाखवलं. "रुसायची खोली. मॅडम विंग्रजीत कायतरी म्हनत्यात, मी रुसायचीच म्हन्ते. ज्याला नको झालं त्यानं जायचं, पडदा वढायचा, बसायचं. कुनी बोलवायला जात न्हाई. मनात आलं की येत्यात भाईर."

"आन् न्हाईच आलं तर?"

"तर जेवन आत. परवा एकजन तिथंच झोपला. मी पंखा लावला."

तात्या उठून गेले आणि पडदा बाजूला करून बघून आले. एक सतरंजी, एक उशी, एक पंखा, बारकी खिडकी. बस. मला त्यात काही विशेष दिसलं नाही. विशेष ओळखण्यात मी किती तरबेज आहे ते आपण पाहिलंच. तात्या मात्र परत येऊन नळाशी पुन्हा बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"ती परत केलेली टोपी तू कदी इचारली न्हाईस. पोरीला एका कानानं ऐकू येत नव्हतं. मी लपवलं. साऽ महिन्यांत माघारी आली. लोक म्हनले, खोट लपवली म्हनून मोडलं. ते तर व्हतंच, पाप माजंच. पन मी तिला आनायला गेल्तो ना, तवा ती म्हनली, तात्या, त्या घरात मला घटकाभर रुसून बसायला बी कोपरा नव्हता. सारखी चुलीफुडं न्हाईतर मान्सांफुडं." टोपी पुन्हा डोक्यावर ठेवत म्हणाले, "जिथं रुसायला जागा असती, तिथं पोरगी नांदती. मॅडमला बोलव."

शरिफा मॅडम आमच्याकडे यायला तयार झाल्या. म्हणाल्या, मुलगी मी आधी तिच्या घरात बघते. दुसऱ्या दिवशी त्या ओट्यावर येऊन बसल्या. ज्ञानू आत मोरीजवळ, वहिनी दाराच्या आड, मी गाळ्याच्या खिडकीत कान लावून. तात्यांनी तीस वर्षांच्या सवयीनं सुरुवात केली, "पोरगी शांत हाय. स्वभावानं गरीब. हुशार तर इतकी..."

मॅडमनी हात वर केला. "तात्या, गुण मी शोधीन. तुम्ही खोडी सांगा."

त्रेपन्न लग्नांत असं कोणी विचारलं नसावं.  मग खाली बघत, थांबत थांबत तात्या सांगायला लागले.

"मिक्सर चालत न्हाई. कुकरची शिट्टी चालती, पन आधी सांगावं लागतं, आता वाजनार म्हनून. पांढरं खाती. भात, दही, मुरमुरं. दह्यात साखर दिसली तर न्हाई, इरघळली पायजे. डाव्या बाजूनं कुनी बसलेलं खपत न्हाई. गर्दीत गेली की माज्या सदऱ्याचं दुसरं बटन धरती. पैलं न्हाई, दुसरं. नवा फ्राक घालत न्हाई, मानंला ती कापडी चिठ्ठी टोचती. ती उसवावी लागती, शिवन सुटू न देता."

वहिनी दारातून पुढं आल्या. "चिठ्ठी? तिच्या फ्रॉकला चिठ्ठ्या नसतातच, मामंजी."

"नसत्यात कशा?" तात्या म्हणाले. "तू झोपल्यावर मी काढतो. दाढीच्या ब्लेडनं."

 दहा वर्षं वहिनींना वाटत होतं की पोरीचं सगळं त्या एकट्याच जाणतात. कल्याणदादा, त्यांचे मालक, सुप्याच्या कंपनीत पाळीला; येतात ते झोपायला. त्या आत गेल्या आणि मॅडमसाठी चहा घेऊन आल्या. तात्यांचा कप त्यांनी काठोकाठ भरला होता. तात्यांना डॉक्टरांनी चहा बंद केलाय. त्या दिवशी कोणी आठवण करून दिली नाही.

मॅडम वहीत सगळं लिहून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सँडलचं बघू नका. अनवाणी येऊ दे. आमच्याकडे फरशी थंड असते."

पहिल्या दिवशी तात्यांनी ज्ञानूला कडेवर घेतलं. दहा वर्षांची पोरगी आणि एकाहत्तरीचा म्हातारा. मी गाडी चालवताना दोघांच्या नावानं देवाचा धावा करत होतो, कोल्हारच्या भगवतीला नारळही बोललो. ज्ञानू आत गेली आणि दहा मिनिटांत रुसायच्या खोलीत जाऊन पडदा ओढून बसली. तीन तास. मागून रिक्षानं आलेल्या वहिनी फाटकाबाहेर लिंबाखाली, पदराचं टोक चावत. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशीही तेच. साळूबाई मावशींनी दहीभात आत सरकवला, साखर विरघळवून.

तिसऱ्या दिवशी साडेनऊला पडदा हलला. ज्ञानू बाहेर आली, एका टेबलाशी गेली, एका मुलाच्या डाव्या बाजूला बसली आणि मणी ओवायला लागली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मॅडमनी वरही बघितलं नाही. फक्त साळूबाईंनी हातातला झाडू खाली ठेवला, डोळ्यांना पदर लावला आणि झाडू पुन्हा उचलला.

दहाव्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर वर केलं, तर समोर ज्ञानू उभी. हातात सँडल. माझ्याकडे बघत नव्हती, गाडीकडे बघत होती. माझ्या गाडीचा नंबर तिनं एकदा स्पष्ट म्हटला आणि ओट्यावर बसून सँडल घालायला लागली. उलट्या पायांत. मी सुलट्या करायला वाकलो नाही. वहिनी दारात होत्या. त्यांनी मला नुसता हात जोडून नमस्कार केला, आणि माझी पंचाईत झाली. ज्यानं घोटाळा केला त्यालाच नमस्कार मिळाला तर त्यानं तोंड कुठं लपवावं? मीही परत हात जोडले, तात्यांच्या दिशेनं. तात्यांनी ते शाळेकडे वळून, तिथल्या साळूबाईंच्या दिशेनं पुढं ढकलले.

मे संपला तेव्हा मॅडम म्हणाल्या, दिवाळीच्या सुट्टीतही पाठवा. तात्यांनी मला बोलावून घेतलं.

"चोपन्नावी जमली. टावेल-टोपी?"

"माझ्याकडून? मी कोण? वरपक्ष का वधूपक्ष?"

"तू सुरवातीलाच आमाला टोपी घातलीस ना, मंगल कार्यालयात? आता खरी घाल."

मी नगरला कापडबाजारात गेलो. टॉवेल चांगला मिळाला. टोपीला मात्र तात्यांचं डोकं आडवं आलं, एवढ्या मापाची टोपी दोन दुकानांत नव्हती, आणि तिसऱ्या दुकानदारानं विचारलं, "गणपतीला घालायचीय का?" टॉवेल दिला. तात्यांनी खांद्यावर टाकला आणि नातीला ऐकू जाईल असं म्हणाले, "टोपी ऱ्हायली."

ती चूक त्यांची. ज्ञानू ऐकलेलं विसरत नाही. आता रोज संध्याकाळी तात्यांचं दुसरं बटण धरून ती दुकानासमोरून जाते, काउंटरशी थांबते, गिऱ्हाईक असो नसो, आणि झेरॉक्स मशीनकडे बघत तात्यांच्याच आवाजात म्हणते, "टोपी ऱ्हायली."

मी म्हणतो, "हो ज्ञानू, राहिली."

माप माझ्याकडे आहे. चौथं दुकानही मला माहीत आहे. पण या आठवड्यातही काही जमणार नाही.