शेवट वाचकांनी स्वतः पाहावा

सिनेमा संपत आला की ते पायांनी चपला शोधू लागत. डोळे पडद्यावर असत, हात मांडीवरच्या पिशवीवर, आणि खाली अंधारात पाय चाचपडत. चपला सापडल्या की उठत. मागच्या रांगेतले कोणी "खाली बसा ना हो" म्हणाले, तर वाकून दोनच शब्द बोलत : "गाडी जाईल."

मी तेव्हा बुलढाण्यात एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात उपसंपादक होतो. ते धाडचे वार्ताहर. आमच्याकडे वार्ताहरांना नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. गावाच्या नावाने मारत. "मेहकरचा फोन आला का?" "धाड कुठे बसलेत?" त्यामुळे त्यांचे खरे नाव कित्येकांना कधी कळलेच नाही. धाडला एसटी थांब्याजवळ त्यांचे वह्या-पेनांचे दुकान होते. ते त्यांची पत्नी चालवी. ते दुपारच्या गाडीने बातम्या घेऊन बुलढाण्याला येत आणि टेबलाजवळ उभे राहत. बैल विहिरीत पडला, बाजारात मारामारी झाली, शाळेचे छप्पर उडाले. प्रत्येक बातमीला आमचा एकच प्रश्न असे : "नक्की?" त्यांचे उत्तरही ठरलेले : "डोळ्यानं पाहिलं, भाऊ."

बातम्या लागेपर्यंत संध्याकाळ होई. मग ते सहाच्या खेळाला जाऊन बसत. खेळ नऊला सुटे. धाडची मुक्कामी गाडी, म्हणजे रात्री गावातच थांबून सकाळी पहिली परतणारी एसटी, साडेआठला निघे. ती चुकली की रात्र बसस्थानकाच्या बाकावर. ज्यांनी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी सिनेमा पाहून खेड्यात परतण्याचे दिवस काढले आहेत, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. धाडच्या माणसांनी वर्षानुवर्षे सिनेमे पाहिले ते शेवट सोडून.

शेवट गाडीत ठरत असे. ते स्वतः एकटे नसत. त्या खेळातून उठून आलेली आणखी पाच-सहा माणसे गाडीत असत. कंडक्टर तिकिटे फाडता फाडता विचारी, "आज कोण मेलं बे?" मग वाद सुरू होई. एक म्हणे, हिरो आईला भेटतो. दुसरा म्हणे, कसा भेटेल, आई आंधळी दाखवली आहे. गाव येईपर्यंत बहुमताने काहीतरी निकाल लागे आणि दुसऱ्या दिवशी तोच गावभर होई. एकदा बुलढाण्याला बहिणीकडे मुक्कामाला राहिलेला एकजण सिनेमा पूर्ण पाहून गावात आला आणि खरा शेवट सांगू लागला. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. "तू एकटा खरा अन् सारी गाडी खोटी काय?" असे त्याला विचारण्यात आले.

अशा माणसाकडे आमच्या संपादकांनी शुक्रवारचे सिनेमाचे सदर दिले. कारण साधे होते. कार्यालयात सर्वांत जास्त सिनेमे तेच पाहत, आणि पाहिलेल्याबद्दल बोलल्याशिवाय त्यांना राहवत नसे. सदर लोकांना आवडले. ते कलावंतांची स्तुती फार करत नसत. कथेत माणसे जगतात कशी, एवढेच पाहत. एका कौटुंबिक चित्रपटाबद्दल त्यांनी लिहिले होते की या घरात अडीच तासांत एकदाही कोणी पाणी भरले नाही. सदराचे शेवटचे वाक्य दर आठवड्याला तेच असे : "शेवट वाचकांनी स्वतः पाहावा." वाचकांना त्यात सभ्यता दिसे. कार्यालयालाही दिसत होती.

मग एका रहस्यपटाबद्दल त्यांनी लिहिले की यातील सर्वांत सज्जन पात्र फौजदाराचे आहे आणि अशा अधिकाऱ्यांची समाजाला गरज आहे. शनिवारी सकाळी फोन सुरू झाले. संपादकांनी त्यांना आत बोलावले. दार उघडे होते.

"धाड, सिनेमा पूर्ण पाहिला होता का?"

"पाहिला ना साहेब. जेवढा दिसला तेवढा."

"अहो, तो फौजदारच खुनी आहे!"

ते म्हणाले, "मी उठलो तवा तं तो मयताच्या बायकोले पाणी देऊन राह्यला होता."

"आणि वर लिहिता, शेवट वाचकांनी स्वतः पाहावा?"

"मंग त्यात खोटं काय हाय साहेब? म्या नाही पाहिला. कोणीतरी पाहाले नको?"

संपादक इतके हसले की सदर बंद होण्यापासून वाचले.

धाडला दुकान चालवणाऱ्या त्यांच्या पत्नीला आम्ही पुष्कळ उशिरा भेटलो, पण तिचे मत आधीपासून माहीत होते. लग्न झाले त्या वर्षी बुलढाण्याला एक जुना कृष्णधवल मराठी चित्रपट पुन्हा लागला होता. दोघे पाहायला गेले. नवऱ्याशी भांडून एक बाई गाठोडे घेऊन घराबाहेर पडते आणि नदीकाठी नावेत बसते. नाव मध्यावर असताना यांच्या पायांना चपला सापडल्या. ती म्हणाली, "दोन मिनिटं थांबा." हे म्हणाले, "गाडी जाईल." दोघे उठले. पुढे तो चित्रपट बुलढाण्याला कधी लागला नाही.

त्या नावेतल्या बाईचे काय झाले, यावर त्यांचा वाद आयुष्यभर चालला. त्यांचे म्हणणे, गाठोडे घेऊन निघालेली बाई परतत नाही. तिचे म्हणणे वेगळे होते.

"तिनं चुलीवर दूध ठेवलेलं होतं," ती एकदा दुकानात वह्यांचा गठ्ठा सोडताना मला म्हणाली. "यायले ते दिसलंच नाही. हे गाठोड्याकडंच पाहत राह्यले."

"दुधासाठी कोणी परत येते काय?" ते आतून म्हणाले.

"तुम्हाले काय मालूम. तुम्ही कधी दूध ठेवलं?"

दुकानात आलेली दोन गिऱ्हाइके हसली. एकाने तिची बाजू घेतली. धाडला या प्रश्नावर बहुधा सर्वांचे मत ठरलेले होते.

टॉकीज बंद झाली. दैनिकाची पाने कमी झाली तेव्हा सदरही गेले. मी निवृत्त झालो. जुन्या वार्ताहरांनी मोबाइलवर एक गट केला, त्यात सकाळी फुलांची चित्रे आणि संध्याकाळी निधनाच्या बातम्या येत. धाडनी त्या गटात आपले सदर पुन्हा सुरू केले. आता ते लिहीत नसत, बोलून पाठवत. मुलीने फोन घेऊन दिला होता, त्यावर नवे-जुने सगळे सिनेमे दिसत होते, आणि कुठलीही गाडी पकडायची नव्हती.

"नमस्कार मंडळी," अशी सुरुवात असे. "कालचा पिक्चर पाहिला. हिरो हळूहळू चालून राह्यला, चालूनच राह्यला. एवढ्यात तं धाडहून बुलढाण्याले पोचला असता." दुसऱ्या एका संदेशात होते : "आजकालच्या पिक्चरमधे माणसं लय मरतात, पण मयतीले कोणी येत नाही. प्रेतं उचलते कोण, हे दाखवत नाही." भागांच्या मालिकांबद्दल त्यांचे मत होते की त्याला पिक्चर म्हणू नये, तो पगार आहे, थोडा थोडा येतो आणि पुरत नाही.

प्रत्येक संदेशात मागून पत्नीचा आवाज येई. "खोटं सांगून राह्यले तुम्ही. झोपले होते तवा." किंवा, "ते सून नव्हती, बहीण होती." ते बोलणे थांबवत, तिचे ऐकून घेत, आणि "दुरुस्ती" असे म्हणून पुढे जात. गटातले लोक त्यांच्या मतांपेक्षा त्या दुरुस्त्यांची वाट पाहत.

शेवट मात्र ते अजूनही सांगत नसत. मी एकदा विचारले. ते म्हणाले, "पाहतो भाऊ आता. सारेच पाहतो. पण काही मजा नाही. आम्ही गाडीत लावलेले शेवट चांगले होते."

पुढे त्यांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितले की गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी जितकी टिकेल तितकी टिकेल. नजर कडांकडून मिटत आली. "मले आता सारे पिक्चर क्लोजअपमधेच दिसतात," त्यांनी गटाला कळवले. त्या संदेशात मागून आवाज आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले की पत्नीची मूत्रपिंडे निकामी होत चालली आहेत आणि तिला बुलढाण्याच्या दवाखान्यात ठेवले आहे.

त्याच आठवड्यात मला तो जुना चित्रपट मोबाइलवर सापडला. कोणीतरी पूर्ण चढवला होता. मी पाहिला नाही. दवाखान्यात जाऊन त्यांना सांगितले. खाटेवरून पत्नीने डोळे उघडले.

"दाखवा यायले," ती म्हणाली. "दूध दाखवा."

"इथं नाही," ते म्हणाले. "तुले बरं वाटू दे. घरी जाऊ, दोघं बसून पाहू. एवढे वर्षं थांबलो."

"तुमचे डोळे थांबतीन काय?"

"थांबतीन."

ती हसून पुन्हा डोळे मिटून पडली. मी फोन खिशात ठेवला. बरे वाटण्यासारखे काही उरले नाही, हे डॉक्टरांनी मुलीला आदल्या दिवशीच सांगितले होते. त्यांनाही ते माहीत होते असे मला वाटते. वाद मिटवायची त्यांना घाई नव्हती. तो चालू आहे तोवर ती आहे, असा काहीसा हिशेब असावा.

तो बायकांचा वॉर्ड होता. रात्री पुरुषांना थांबू देत नसत. मुलगी थांबे आणि ते साडेआठच्या मुक्कामी गाडीने धाडला परतत. अशाच एका संध्याकाळी गाडी निम्म्या वाटेवर असताना मुलीचा फोन आला. गाडी पुढे धाडलाच जाणार होती. गावात उतरून ते कोणाच्या तरी जीपने उलटे आले. तोपर्यंत सर्व झाले होते.

मी सकाळी गेलो तेव्हा ते दवाखान्याच्या पायरीवर बसले होते.

"उठलो तवा जागी होती, भाऊ," ते म्हणाले. "मी बसूनच होतो. तीच म्हणे, निघा आता, गाडी जाईल."

त्यानंतर गटात त्यांचे संदेश आले नाहीत. दिवाळी झाल्यावर मी धाडला गेलो. दुकानाचे शटर अर्धे खाली होते. ते आत पंख्याखाली खुर्चीवर बसले होते. मी समोर उभा राहिलो तरी त्यांनी ओळखले नाही. बोललो तेव्हा ओळखले.

"तो पिक्चर हाय का अजून फोनात?"

मी म्हणालो, आहे.

"लाव. मी ऐकतो. जिथं बोलणार नाहीत तिथं तू सांग."

आम्ही तो चित्रपट काउंटरवर फोन उभा करून पाहिला. गाणी त्यांना पाठ होती. भांडणाचा प्रसंग घरी वाद घालून घालून तोंडपाठ झाला होता; ते नवऱ्याच्या आधी नवऱ्याची वाक्ये म्हणत. दार वाजले. मी सांगितले, बाई बाहेर पडली. हातात गाठोडे आहे. मागे चुलीवर भांडे आहे.

"हाय?"

"आहे. दुधाचेच असावे. झाकण आहे."

वल्ह्यांचा आवाज सुरू झाला. मी सांगितले, नाव मध्यावर आली. खाली फरशीवर त्यांचे पाय हलू लागले. चपला सापडल्या. खुर्चीच्या हातावर जोर देऊन ते उभे राहिले.

"बसा," मी म्हणालो. "अजून आहे."

ते उभेच राहिले. पुढच्या प्रसंगात संवाद नाहीत. फक्त सनई आहे, तीही मध्येच थांबते. मी दिसले तेवढे सांगितले. रिकामी नाव काठाला लागलेली. मग घर. चूल. दूध वर येते आहे, झाकण हलते आहे. एक हात येतो, पदराने झाकण उचलतो आणि भांडे खाली उतरवतो. चेहरा दाखवलेला नाही. मग समाप्तची पाटी.

"हात बाईचा?"

"बाईचा. बांगड्या आहेत."

"तिचाच? दुसऱ्या कोणाचा नाही?"

"पदर तोच आहे. नावेतला."

"नक्की?"

"डोळ्यांनी पाहिलं," मी म्हणालो.

ते खाली बसले. पायांतल्या चपला त्यांनी काढल्या नाहीत. म्हणाले, "हिचं बरोबर होतं." आणि मग, "आता हे सांगू कोणाले?"

त्यांनी हात पुढे करून आपला फोन मागितला. गट उघडून दे म्हणाले. मी दिला आणि त्यांचा अंगठा आवाज भरायच्या बटणावर ठेवून दिला.

"नमस्कार मंडळी," ते म्हणाले. "जुना पिक्चर पाहिला. पूर्ण पाहिला. त्यात ती बाई परत येत नाही."

एवढे बोलून ते थांबले. मान किंचित मागे, आतल्या दाराकडे वळली. अंगठा त्यांनी उचलला नाही. मी बोललो नाही. ती दुरुस्ती माझी नव्हती. पुष्कळ वेळाने अंगठा सुटला आणि संदेश गेला.

आता ते मेहकरला मुलीकडे असतात. दुकानात मोबाइल दुरुस्तीवाला आला आहे. त्यांचा फोन बंद असतो. गटात त्यानंतर फुले आली, निधने आली. तो संदेश वर सरकत गेला आहे, पण पुसलेला नाही. सुरुवातीला त्यांची तीन-चार वाक्ये आहेत. बाकी सगळा पंख्याचा आवाज आहे.