आमेन होईपर्यंत

भुईगावात बर्थाआत्तेचा आवाज ओळखत नाही असं घर नाही. देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, गायनात तो सगळ्यांच्या वर ऐकू येतो आणि वाडीतही तसाच येतो. नवरा गेला, लेक दुबईला गेली, तेव्हा ती केळीच्या लोंगरांशी बोलू लागली, मग भांड्यांशी, मग पेद्रूशी.

पेद्रू म्हणजे तांबडा गावठी कुत्रा. एक कान फाटलेला. कुकरची शिट्टी झाली तरी पलंगाखाली जाऊन थरथरत पडायचा. चंदनसारला राहणारी तिची भाची लविना आपल्या कुत्रीला दर रविवारी मैदानावर वास शोधण्याच्या खेळाला नेते. तिला पेद्रूची दया आली. एकदा ती रिकामे खोके घेऊन आली आणि अंगणात मांडून बसली. एका खोक्यात लवंगतेलाचा बोळा लपवायचा, कुत्र्याने हुंगत तो खोका शोधायचा आणि सापडला की समोर शांत बसायचं, एवढाच खेळ.

"लवंग कशाला? त्याचे काय दात दुखतात?" आत्ते म्हणाली, आणि फडताळातून कळंबचे सुके बोंबील काढले.

"बरं, बोंबील. पण बक्षीस तुझ्या हातातून द्यायचं, आत्ते. खोक्यातलं त्याने खायचं नाही."

"मग त्याने नाक लावलेला बोंबील मी कालवणात घालू?"

लविना गेल्यावर खेळ आत्तेच्या पद्धतीने सुरू झाला. तिच्या घरात प्रार्थना झाल्याशिवाय कोणी घास उचलत नाही, तर कुत्र्याला वेगळा नियम कशाला? पेद्रू खोका शोधून बसायचा. आत्ते कपाळापासून खांद्यापर्यंत क्रूसाची खूण करून जेवणाआधीची छोटी प्रार्थना म्हणायची. ती 'आमेन' म्हणाली की पेद्रू खोक्यात तोंड घालायचा. एक अक्षरही आधी नाही.

शेजारच्या वाडीतला एडवर्ड कुंपणावरून बघत असे. "माझी नातवंडं एवढी थांबत नाहीत. याला देवळात नेऊन याचं पहिलं कम्युनियन करून टाक गे."

"तुझ्यापेक्षा वेळेवर येईल तो रविवारच्या मिस्साला."

त्या खेळाने पेद्रू बदलला. शेपूट पायांतून वर आली. कुकर वाजला तरी तो फक्त कान हलवायचा, आणि नाक पुढे धरून फाटकापर्यंत, मग रस्त्यापर्यंत जाऊ लागला. आत्तेला त्याचं फार कौतुक वाटायचं.

मार्चमधल्या एका संध्याकाळी एडवर्ड फाटकाशी येऊन म्हणाला, "पेद्रूला आज बांधून ठेव. घुशींनी सुरण पोखरलाय. औषध टाकलंय मी."

"कशात?"

"बोंबलात. पिठाच्या गोळ्यांना त्या शिवत नाहीत."

आत्तेने मागे पाहिलं. पायरीवर नुसती दोरी पडली होती.

ती एडवर्डच्या वाडीत शिरली तेव्हा केळींखाली उजेड कमी झाला होता. वाळल्या पानांवर पाय पडला की कुठेतरी कुत्रा पळाल्यासारखा आवाज व्हायचा. एडवर्ड मागून येत होता. तुकडे कुठे कुठे ठेवले ते त्याला धड आठवत नव्हतं. हाक मारायला तिने तोंड उघडलं, आणि तो दिसला.

सुरणाच्या वाफ्याशी पेद्रू बसला होता. पाठ ताठ, छाती पुढे. समोर करवंटीत बोंबलाचा तुकडा. लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. कोणी न सांगता त्याने शोधलं होतं. आत्तेला पाहून त्याची शेपूट पाल्यावर आपटू लागली.

तो तिची वाट बघत होता.

ओरडावं, तर हा भित्रा जीव दचकेल आणि तोंडाजवळ आहे ते उचलून पळेल. काही बोलावं, तर तिचा आवाज म्हणजे त्याला प्रार्थनेची सुरुवात. जन्मभर बोलत आलेल्या बाईला त्या क्षणी काही म्हणता येत नव्हतं. ती पाऊल उचलून हळूच ठेवू लागली.

आणि देवळाची सांजेची घंटा झाली.

घंटा झाली की इथे माणूस असेल तिथे उभा राहतो. तीही आजवर राहिली होती. मागे एडवर्डची पावलं थांबली. केळींच्या आड त्याला पेद्रू दिसला नसावा; त्याने टोपी काढली असणार. नेहमीच्या सवयीने, मोठ्याने, तो प्रार्थना म्हणू लागला.

पेद्रूचे कान उभे झाले. त्याची नजर तिच्यावरून करवंटीवर गेली.

मागे वळून हात करावा, तर पेद्रूवरची नजर सुटणार होती. एडवर्डला थांबवायला तिच्यापाशी आवाज नव्हता. प्रार्थनेतला शब्द न् शब्द तिला पाठ होता, म्हणून शेवट किती जवळ आलाय हे तिच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. तिचे ओठही आपोआप हलू लागले. तिने ते दातांत धरले. अजून वाफा ओलांडायचा होता. चप्पल चिखलात राहिली. ती वाकली, हात पुढे केला.

"आमेन," एडवर्ड म्हणाला.

पेद्रूची मान खाली झेपावली आणि तिच्या तळहातावर आपटली. दात लागले. तिने दुसऱ्या हाताने त्याचं तोंड आवळून धरलं आणि त्याला घेऊन चिखलात बसली. करवंटी कलंडली होती, तुकडा तसाच होता. पेद्रू घशातून कण्हत होता. आपलं काय चुकलं ते त्याला कळत नव्हतं.

"अगे, बोलायचंस ना," धापा टाकत आलेला एडवर्ड म्हणाला.

त्याने बॅटरी आणून वाडी धुंडाळली. जेवढे तुकडे मोजून ठेवले होते तेवढे सगळे मिळाले. तरीही तिने पाटाच्या पाण्याने पेद्रूचं तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, आणि घरी आल्यावर कितीतरी वेळ त्याच्या बरगड्यांवर हात ठेवून श्वास बघत राहिली.

जेवायला बसली तेव्हा हाताला पट्टी होती. तिने प्रार्थना मनातल्या मनात म्हटली आणि भाताचा घास उचलला. पेद्रू आपल्या वाडग्यासमोर ताठ बसला होता.

"खा रे."

तो हलला नाही. तिने पायाने वाडगा पुढे सरकवला. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

आत्तेने घास खाली ठेवला. वाडग्याजवळ जाऊन बसली. त्यातला भात बोटांनी चाचपला, वास घेतला, मग वाडग्याच्या कडेला हात धरून ठेवला आणि अगदी हलक्या आवाजात तो शब्द म्हणाली.