आधी दुखणं सांगा

विमाकाका घरात आले की “कसं काय, बरंय ना?” असं कधी विचारत नसत. चपला काढता काढताच म्हणत, “हं, सांगा, सध्या काय दुखतंय?” आई वैतागायची. दारातून दुखणी विचारत कोणी येतं का! म्हणून ती आधी त्यांच्या हातावर साखर ठेवायची. काका ती तोंडात टाकून म्हणायचे, “झालं तोंड गोड. आता दुखणं सांगा.”

ते आरोग्यविम्याचे एजंट. राहायला बिबवेवाडीला, पण गिऱ्हाइकं बहुतेक आमच्या सदाशिव पेठेतली. तेव्हा माणूस गेल्यावर पैसे मिळणारा विमा सगळे घेत; दवाखान्याचा विमा मात्र लोकांना अभद्र वाटे. “आजारपणाची आगाऊ तयारी कशाला?” असं कोणी म्हटलं की काका शांतपणे म्हणत, “अहो, ते काही माझी वाट बघत थांबलेलं नाही.”

माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हाच बाबांना मधुमेह निघाला. मुलाकडच्यांना सुगावा लागू नये म्हणून घरात त्याचं नावही काढायची बंदी होती. त्यातून स्थळ काकांच्याच ओळखीचं, त्या घराचा विमाही त्यांच्याकडेच. त्यामुळे आमच्या विम्याचा अर्ज भरताना बाबा म्हणाले, “आजार काही नाही, असं लिहा.” काकांनी पेनाला टोपण लावलं आणि आईकडे वळून विचारलं, “वहिनी, यांच्या चहात साखर का नसते हो?”

बाबा संतापले. काका उठले नाहीत. “मी दोन्ही घरी चहा पितो,” ते म्हणाले, “पण इकडचं तिकडे सांगत नाही. इथे मात्र खोटं लिहिलंत, तर उद्या तुम्ही स्ट्रेचरवर असाल आणि मी काउंटरवर खाली मान घालून उभा असेन. ते मला जमायचं नाही.” बाबांनी रागारागात खरं सांगितलं आणि पुढे बरेच दिवस काकांशी तुटक बोलले. ते स्थळ शेवटी फिसकटलंच, पण पत्रिकेवरून.

काही वर्षांनी बाबांची बायपास झाली. काका सकाळीच थर्मास घेऊन हॉस्पिटलात हजर. ही त्यांची पद्धतच होती. गिऱ्हाईक आत आणि काका बाहेरच्या बाकावर. काउंटरवरच्या माणसाने मधुमेहाबद्दल विचारलं. “अर्जात आहे, बघा,” एवढंच म्हणून काका आईला चहा ओतून देऊ लागले. विम्याचे पैसे मंजूर झाले. तेव्हापासून बाबा त्यांना जिन्यापर्यंत सोडायला जाऊ लागले.

मग सगळंच बदलत गेलं. खासगी कंपन्या आल्या, मंजुरीसाठी मध्ये आणखी एक ऑफिस आलं, फोनवर एक दाबा, दोन दाबा सुरू झालं. पेठेतली मुलं खराडीला, हिंजवडीला आयटीत लागली आणि कंपनीच्या विम्यात आईवडिलांचीही नावं घालू लागली. घरोघरचे जुने विमे बंद पडले. “नोकरी सुटली की तो विमा सुटतो, आपला चालू ठेवा,” काका सांगत राहिले. लोक चहा देत, ऐकून घेत आणि बंद करत. पूर्वी कप खाली ठेवताच उठणारे काका आता नुसते बसून राहायचे. “लोक आता दुखणं मोबाइलला सांगतात,” एकदा म्हणाले, “त्याचं बरं असतं. तो चहाकडे बघत नाही.” पुढे त्यांनी काम सोडलं.

त्यांचा मुलगाही खराडीलाच. वडिलांवर त्याचा फार जीव. त्याने काकांचा जुना विमा बंद करून मोबाइलवरून स्वस्तातला नवा घेतला. आजार आहेत का, या प्रश्नाला त्याने ‘नाही’ दाबलं. काकांना कितीतरी वर्षांचा रक्तदाब होता, पण बीपीला काय आजार म्हणायचं, असं त्याला वाटलं.

काकांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी आणि बाबा हॉस्पिटलात गेलो. या वेळी थर्मास बाबांच्या हातात होता. विम्याचे पैसे नामंजूर झाले होते आणि मुलगा काउंटरवरच्या मुलीशी भांडत होता. “मॅडम, सिंपल बीपी आहे! त्यावर रिजेक्ट?”

काका चाकाच्या खुर्चीत होते. “तिच्यावर ओरडू नकोस,” ते म्हणाले. “लपवलं म्हटल्यावर नाहीच मिळत.”

मुलाचा चेहरा पडला. “मी लपवलं नाही हो बाबा. बीपीही लिहावं लागतं, हे तुम्ही मला सांगायचं तरी!”

“तू विचारलंच नाहीस रे,” काका म्हणाले. त्यात राग नव्हता, दमणूक होती. मला त्यांच्याकडे बघवेना.

मुलगा फ्लॅट विकायला निघाला होता. काकांनी ऐकलं नाही. गोळ्यांवर काही महिने काढले आणि एका दुपारी खुर्चीतच गेले. “माझं त्यांनी निभावलं आणि त्यांचं कोणी बघितलं नाही,” असं म्हणून बाबा रडले. बाबांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता बाबांचा विमा मीच मोबाइलवर भरते. परवा त्यांचे गुडघे फार दुखत होते. शेजारच्यांनी जिन्यात विचारलं, “काय, बरंय ना?” “बरंय,” बाबा म्हणाले, आणि आत येऊन गुडघे चोळत बसले.