नख अडकलं पाहिजे

आमच्या ह्यांच्या पायाला जन्मापासून भिंगरी. जेवतात उभ्याने, वर्तमानपत्र वाचतात फेऱ्या मारत, आणि बळेच बसवलं तर बोलता बोलता उठून खुर्चीचा पाय हलतोय का ते बघतात. मला बघायला आले तेव्हाही तेच. माझे वडील कामाधंद्याचं विचारत होते आणि हे मेजाखाली वाकलेले. "डुगडुगतंय," म्हणाले, आणि खिशातून लाकडाची चकती काढून पायाखाली सारली. माझ्याकडे धड बघितलंसुद्धा नाही. आई म्हणाली, मुलगा जरा विक्षिप्त आहे. मी म्हटलं, असू दे, निदान घरातलं काही डुगडुगणार नाही.

डुगडुगलं काहीच नाही, पण जागेवरही काही राहिलं नाही. हे सुतार. हातात कला अशी की लोक लांबून माणसं पाठवतात, पण उचललेली वस्तू परत जागेवर ठेवायची असते हे ह्यांच्या गावीच नाही. पटाशी पिठाच्या डब्यावर, पक्कड उशीखाली. कानामागे पेन्सिल खोचून घरभर पेन्सिल शोधणार, म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. ओरडून ओरडून माझा घसा बसला. जित्याची खोड, दुसरं काय!

काम शिकले ते सख्ख्या मामाकडे. मामा फार कडक. लाकडात खाच पाडायची, दुसऱ्या लाकडाला दात काढायचा, दात खाचेत बसवायचा, खिळा नाही की स्क्रू नाही. मग मामा सांध्यावरून नख फिरवायचे. नख अडकलं की भाच्याच्या पाठीत फळीचा तुकडा. त्यामुळे ह्यांना सांध्यावर जरासुद्धा उंचवटा सहन होत नाही. कारखान्यात लागले होते, तिथे सगळं स्क्रूवर चालायचं, म्हणून चांगली नोकरी सोडून घरी बसले. बसले म्हणजे, बोलायची पद्धत. बाहेरच्या खोलीत रंधा मारत उभे राहिले.

मग माझे डोळे गेले. अगदीच नाही गेले. कडेकडेचं दिसतं, पण जिथे बघावं तिथे नेमका डाग. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. ठीक आहे, म्हटलं, स्वयंपाकघर काय मला नवीन आहे? पण आंधळीने अंदाजाने हात घालायचा तर वस्तू जागेवर नको? एक दिवस ह्यांनी उकळत्या पाण्याचं पातेलं ओट्याच्या अगदी कडेला ठेवलं आणि गेले फेरी मारायला. माझा हात मनगटापर्यंत भाजला.

मुलगा दुसऱ्या शहरात असतो. धावत आला. चांगला आहे पोरगा, पण काळजीने अर्धा झालेला. "आता माझ्याकडे चला दोघं. बास झालं." त्याच्याकडे मी पूर्वी राहून आले होते. उठले की सून यायची पळत, "आई, तुम्ही बसा हो!" प्रेमानेच म्हणायची बिचारी. पाणी हातात, ताट हातात. बसून बसून मला वाटायला लागलं, मी म्हणजे कोणीतरी कोपऱ्यात आणून ठेवलेलं गाठोडं. मला ते नको होतं. मला माझं स्वयंपाकघर हवं होतं, बाकी काही नको. मी तसं म्हटल्यावर तो म्हणाला, "मी महिनाअखेरीस येतो. तुझ्या हाताने, कोणाची मदत न घेता मला चहा करून दे. जमलं तर राहा. नाहीतर घराला कुलूप." मग वडिलांकडे वळून म्हणाला, "बाबा, खरं सांगू? मला तिच्या डोळ्यांची भीती नाही वाटत. तुमच्या हातांची वाटते."

मुलगा गेल्यावर ह्यांच्या फेऱ्या सुरू. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. मला ऐकूनच चक्कर यायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन आले आणि मला मापायला लागले. खांदा किती उंच, कोपर कुठे, हात लांबवला तर बोटं कुठे पोचतात.

"मी काय खिडकी आहे?" मी म्हटलं.

"भिंतीवरचं कपाट करतोय. हलू नकोस."

बेत असा होता: कपाटाला चार खण. दार नाही, कारण दार हे उघडं टाकणार आणि मी त्यावर कपाळमोक्ष करून घेणार, हे त्यांचं त्यांनाच कळलं, नशीब! प्रत्येक खणाच्या फळीचे दात बाजूच्या लाकडातून आरपार बाहेर यायचे. वरच्या फळीला एक दात, खालच्या फळीला दोन, मग तीन, मग चार. आणि हे दात रंध्याने सपाट न करता किंचित वर ठेवायचे. बाजूवरून नख ओढलं की अडकेल तितकेच. एकदा अडकलं तर चहापत्ती, दोनदा साखर, तीनदा मीठ.

"त्यापेक्षा डब्यांना दोऱ्याच्या गाठी बांधा की," मी म्हटलं.

"गाठी सुटतात. झाकणं बदलतात. लाकूड जागचं हलत नाही."

"हे तुम्ही मला सांगताय!"

जुन्या पलंगाच्या फळ्या काढल्या. दिवसभर करवत, पटाशी, मोगरी. मी दारात बसून ऐकायचे. दिसत नसलं तरी ह्यांचं काम मला आवाजावरून कळतं. काम नीट चाललं की मामाला शिव्या घालत गुणगुणतात, चुकलं की एकदम गप्प होतात. सांधे बसवले, सरस लावला, वाळत ठेवलं. तेवढाही धीर नाही माणसाला. तासातासाला जाऊन हात लावणार, "वाळलं का गं?" मी म्हणायचे, मला काय विचारता, कपाटाला विचारा.

वाळलं त्या दुपारी मी धान्य निवडत होते. बाहेर रंधा चालला होता, सरर, सरर, फार दिवसांनी तसा लांब, मजेतला आवाज. मग हाक आली. "ये, हात फिरव!" आवाजात नुसती खुशी.

मी बाजूवरून बोटं फिरवली. वरून खाली, खालून वर. साईसारखं मऊ. नख ओढलं, ते वरपासून खालपर्यंत सुळकन गेलं.

"छान झालंय," मी म्हटलं. "पण दात कुठे आहेत हो?"

कपाळावर हात मारल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. उभ्या जन्माची सवय! सांधा दिसला, रंधा हातात होता, हात चालला. मामा मरून गेले तरी ह्यांच्या पाठीवरून उतरले नव्हते. हे मटकन खाली बसले. हे आणि बसले! तेव्हाच मी घाबरले.

"पोरगं बरोबर बोललं," म्हणाले. "ह्या हातांचीच भीती आहे." आणि रडायला लागले. मलाही भरून आलं, पण दोघांनी मिळून रडून कपाट होत नाही.

"रडताय काय? दुसरं करा."

"फळ्या कुठे आहेत? पलंग संपला."

मी विचार केला. मग आत जाऊन चाचपत चाचपत माझ्या माहेरचं मेज ओढत आणलं. तेच मेज. वडील गेल्यावर मी हट्टाने आणलेलं, पायाला ह्यांची चकती अजून चिकटवलेली होती. "हे कापा."

"वेडी आहेस का?"

"आहे. तुमच्याशी लग्न केलं तेव्हाच सिद्ध झालंय. कापा."

दुसऱ्या खेपेला सांधे बसवून झाल्यावर ह्यांनी रंधा माझ्या हातात दिला. "लपवून ठेव. कुठे ते मला सांगू नकोस." आता बघा, आंधळीने लपवायचं आणि डोळसाने शोधायचं! मी तो धान्याच्या डब्यात तळाशी घातला. दोन दिवस हा माणूस पिंजऱ्यात घातल्यासारखा घरभर फिरत होता. "एकदाच फिरवतो गं, अगदी वरवर. बघवत नाही ते." मी म्हटलं, मला तरी कुठे बघवतंय? शेवटी कपाट भिंतीवर चढलं. मी नख ओढलं, टक्. खालच्या फळीला, टक्, टक्. मला हसू आवरेना.

आणि नवल म्हणजे हे सुधारले. डबा काढला की परत ठेवण्याआधी स्वतःही नख ओढायचे. डोळे धड असलेला माणूस, पण नख ओढायचा. मी आतल्या खोलीतून टक् टक् ऐकायचे आणि निश्चिंत व्हायचे.

महिनाअखेरीस मुलगा सकाळच्या गाडीने आला. मी अंघोळीला गेले होते. बाहेर आले तर म्हणाला, "कर चहा. मी बघतोय." हे दाराशी उभे, एका पायावरून दुसऱ्या पायावर. मी पातेलं चढवलं, एका दाताची पत्ती टाकली, दोन दातांचा डबा घेतला. एरवी मी चिमटीत घेऊन बघते. पण त्या दिवशी मला रुबाब दाखवायचा होता. चमच्याने सरळ टाकली. एक थेंब न सांडता तीन कप भरले.

मुलाने घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"आई, हे मीठ आहे."

मी ह्यांचा कप उचलला तर अर्धा रिकामा. हा माणूस गुपचूप पीत होता!

"म्हणूनच सांगतोय मी," मुलगा हळू आवाजात म्हणाला. "तुझी चूक नाही गं. पण आता चल."

हे कपाटाजवळ गेले. दोन दातांवरचा डबा उघडून बघितला. मग विचारलं, "सकाळपासून डब्यांना कोणी हात लावला होता?"

"मीच. आल्या आल्या सरबत करून घेतलं. ठेवले की परत."

"कुठे?"

मला मुलाला सांगायचं खूप होतं, की तुझ्या घरी माझा प्रत्येक दिवस असाच जाणार आहे रे राजा, प्रेमाने इकडचं तिकडे ठेवलेल्या घरात. पण मी तिन्ही कप उचलून मोरीत रिकामे केले.

खुर्ची सरकली. मुलगा उठून कपाटापाशी गेला. डबे काढल्याचा आवाज झाला, झाकणं उघडल्याचा झाला, मग काही नाही. मी कान टवकारून उभी होते.

"आई, साखरेला किती?"

"दोन."

टक्. टक्. डबा फळीवर ठेवल्याचा आवाज आला. मग टक्, टक्, टक्, आणि दुसरा डबा.

माझ्या मागे खुर्ची करकरली. हे बसले होते.

"सरकवलेस ना डबे नीट आत?" मी मुलाला म्हटलं. "मग हो बाजूला. मी परत टाकते चहा."