टोपलीतला पट्टा

माझी मावशी झोपेतही मशीन चालवायची. दुपारी जरा आडवी झाली की पांघरुणाखाली तिचे पाय हलू लागत. टाच, चवडा, टाच, चवडा. समोर पुस्तक धरून बसलेल्या माझ्याही डोळ्यांवर झापड यायची. नर्सिंगच्या शिक्षणासाठी मी दोन वर्षं तिच्याकडे राहिले. त्या दिवसांची आठवण काढली की आधी ते पायच दिसतात.

एकच लांबट खोली. खिडकीपाशी पायाने चालवायचं शिलाई मशीन, चाकावरून गेलेला चामडी पट्टा आणि शेजारी एक स्टूल. त्या स्टुलावर मला पिशवीसुद्धा ठेवू दिली जात नसे. ते काकांचं होतं. काका मी यायच्या आदल्या वर्षी गेले. हयातभर त्यांनी त्यावर बसून मावशीने शिवलेल्या कपड्यांना बटणं लावली आणि बटणं संपली की तिला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. मशीनचा खडखडाट एवढा, की दर दोन ओळींनी ती "काय म्हणालात?" विचारायची आणि काका आवाज चढवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. एका बातमीला अख्खी दुपार पुरत नसे.

आमच्या चर्चची मंडळी लहान, जेमतेम चाळीस माणसं, बहुतेक हातावर पोट असलेली. त्यांची एक रीत होती. शनिवारी संध्याकाळी प्रत्येकाने आपल्या कामाची एक वस्तू चर्चच्या दारातल्या वेताच्या टोपलीत ठेवायची आणि रविवारी संध्याकाळी परत न्यायची. मधला दिवस विसाव्याचा. न्हाव्याची कात्री, गवंड्याची थापी, घड्याळजीचं डोळ्याला लावायचं भिंग. भिंग गेलं की घड्याळजीचा धीरही जायचा. रविवारी तो गीत भलत्याच पानावरचं गायचा, तेही सगळ्यांपेक्षा मोठ्याने. टोपली सांभाळायची सुईणआजीने. तिचं स्वतःचं काही टोपलीत पडत नसे, कारण बाळांना वार कळत नाही, असं ती म्हणायची.

मावशी मशीनचा पट्टा ठेवायची. पण तो जुना, टाकून दिलेला पट्टा होता. खरा चाकावरच असायचा.

उपासनेहून आलो की ती खिडकी लावायची, पडदा ओढायची, आवाज दबावा म्हणून मशीनखाली जाड चादरीची घडी सारायची आणि शिवायला बसायची. कोणी विचारलंच तर मावशीचं डोकं दुखतंय म्हणून सांग, असं मला बजावलेलं होतं. मी सांगायचे. पाळकांनी एकदा तिला समजावलं, की देवानेही सहा दिवस काम करून सातव्या दिवशी हात थांबवले. देवाला कुठे गिऱ्हाइकं होती, असं ती घरी येईपर्यंत पुटपुटत राहिली. मला हसू आलं आणि रागही आला. कारण गिऱ्हाइकांची घाई नव्हतीच, पुढच्या आठवड्याचे कपडे शिवून कपाटात पडलेले असायचे. तिचे पाय सुजले होते, डोळे खोल गेले होते. मी तिला नुकतंच शिकलेलं वैद्यकीय शहाणपण ऐकवायचे आणि ती मला सुईत दोरा ओवायला लावायची.

मग एका रविवारी तिला मशीनवरच डुलकी लागली. पाय मात्र थांबले नाहीत. सुई तिच्या बोटातून आरपार गेली.

मी चाक हाताने फिरवून सुई वर काढली, जखम धुतली आणि बोट बांधू लागले, तेवढ्यात दार वाजलं. सुईणआजी होती. माझ्या हातात रक्ताने भिजलेला बोळा, त्यामुळे डोकेदुखीचं वाक्य काही तोंडातून निघालं नाही. आजी आत आली, चाकावरच्या पट्ट्याकडे तिने एकदा बघितलं आणि पलंगावर टेकली. टोपलीतला पट्टा कधीचाच वाळून तडकलाय, तेलाचा त्याला वासही नाही, हे तिने हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं. गल्लीतही सगळ्यांना माहीत होतं. चादरीने काय झाकणार? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?" मावशीने विचारलं.

"विसावा काय दटावून घ्यायला लावायचा असतो?" आजी म्हणाली. "पण आज विचारते. कशासाठी गं?"

मावशी बांधलेल्या बोटाकडे बघत राहिली. पडद्यातून पिवळसर उजेड झिरपत होता, त्यात कापडाचे बारीक तंतू तरंगत होते, खाली येतच नव्हते. मग ती स्टुलाकडे बघून बोलली.

"मशीन चालू असलं ना, की वाटतं ते वाचताहेत. मला ऐकू येत नाहीये, एवढंच. थांबवलं की कळतं, कोणीच वाचत नाहीये."

इतके महिने मी तिच्यासोबत एका खोलीत राहत होते, रोज तिची नाडी बघत होते आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. मी तोंड फिरवून रडले.

"मग ती शांतता एकटीने ऐकू नकोस," आजी म्हणाली.

पुढच्या शनिवारी मावशीने चाकावरच्या पट्ट्याची तारेची कडी पकडीने उघडली. बोट दुखत होतं तरी मला हात लावू दिला नाही. तो घेऊन टोपलीत ठेवताना आजीच्या बोटांना तेल लागलं. तिने ते रुमालाला पुसलं.

रविवारी दुपारी आजी, न्हावी, त्याची बायको आणि घड्याळजी असे चौघे आमच्याकडे आले. मावशी चहाला उठली तर आजीने तिला पलंगावर आडवं व्हायला लावलं. मग सगळे नुसते बसले. नळ ठिबकत होता. मावशीने चादर मुठीत घट्ट धरली होती, डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळत होतं, आणि रडू नको असं कोणी म्हटलं नाही. घड्याळजी, बिचारा भिंगाविना, चाचपडत चाचपडत नेमका काकांच्या स्टुलावर बसला. न्हाव्याने घाबरून त्याची बाही ओढली.

"बसू दे त्यांना," मावशी म्हणाली. थोड्या वेळाने मला म्हणाली, "वाच गं काहीतरी."

मी वर्तमानपत्र घेतलं आणि काका वाचायचे तसं मोठ्या आवाजात सुरू केलं.

"ओरडू नकोस," ती डोळे मिटूनच म्हणाली. "सगळं ऐकू येतंय."

मी आवाज उतरवला. पांघरुणाखाली पाय चालूच होते. टाच, चवडा. कुठल्याशा पुलाची बातमी होती. त्या घरात पहिल्यांदाच एक बातमी एका दमात शेवटपर्यंत वाचून झाली. दुसरी वाचण्यासाठी पान उलटलं आणि वर बघितलं. स्टुलावर घड्याळजी पेंगत होता आणि मावशीचे पाय थांबले होते.