चारशे बारा जणांनी मानलेला आकडा

शनिवारी मोनाली पागधरे बोईसरला उतरून रिक्षानं नवापूरला घरी आली, ती भलत्याच खुशीत. आणि का नसावी? मासेमाराची पोर रोगप्रतिकारशक्तीवर संशोधन करते, आणि सोमवारी तिच्या संस्थेत बढतीची मुलाखत होती. अर्जात एकवीस शोधनिबंध होते, पण खरी मदार एकावरच. जगभरातल्या चारशे बारा निबंधांनी त्याचा आधार घेतला होता. शास्त्रज्ञांच्या जगात वजन म्हणतात ते हेच.

निबंध होता नवापूरचाच. जवळा, म्हणजे इवलीशी कोळंबी, सुकवताना, चाळताना बारीक धूळ उडते, काही बायकांना त्यानं दम लागतो. मोनालीनं चाळीस बायकांचं रक्त दोनदा तपासलं होतं. एकदा मे महिन्यात, आणि एकदा मासेमारीबंदी संपता संपता, जुलैच्या अखेरीस. मधल्या विश्रांतीत ॲलर्जीचा आकडा निम्म्यावर आला होता. म्हणजे दोन महिने सुट्टी द्या, आकडा उतरला की बाई खुशाल कामावर!

आत्या येसूबाई ओट्यावर कोळंबी सोलत बसली होती. भाचीचं कौतुक ऐकून तिला उधाण आलं.

"मग! आमीबी काय कमी धावलो? तू जुलैत रक्त घ्याला आलीस, तवा तुझ्या चाळीसातली ठमी सुकं म्हावरं घेऊन सफाळ्याच्या बाजारात. मग तिच्या जागी तिची जाऊ आली. आमी ठरवलंच होतं, पोरीचं काम अडू द्याचं नाय."

मोनालीच्या हातातला चहा तसाच राहिला. "आत्या, जाऊ? ठमीच्या नावावर?"

"बदली! आणखी कशी? बाजारात जागा धरतो, तशीच."

झालं! चप्पल अडकवून ती घरोघर फिरली. हसत हसत, गोड बोलत. संध्याकाळपर्यंत बदल्या निघाल्या अकरा. जुलैत आलेल्या अकराजणी घरात चूल सांभाळणाऱ्या, जवळ्याच्या धुळीत कधी न बसलेल्या. आणि ज्यांची विश्रांती म्हणून छापलं होतं, त्या बाजारात सुक्याच्या ढिगापाशी बसलेल्या!

मे महिन्यात सगळ्यांत मोठे आकडे याच बाजारवाल्यांचे होते. तिनं ती अकरा नावं गाळून पुन्हा गणित केलं. निम्म्यावर आलेला आकडा जागचा हललाच नव्हता.

कोणाला कळणार होतं? येसूबाईला त्यातलं काही कळत नव्हतं आणि संस्थेतल्या कोणाला जावा-जावांचं माहीत नव्हतं. सोमवार तर पार पडू दे, मग बघू, असं मोनालीच्या मनात आलं, आणि आलं याची तिला लाज वाटली. तिनं त्या चारशे बारांची यादी उघडली. मोजली होती रोज, वाचली होती कधी? बहुतेकांनी एका ओळीत उल्लेख करून सोडून दिलं होतं. पण एक निबंध कोळंबी सोलण्याच्या कारखान्यातल्या डॉक्टरचा होता. दमेकरी बायकांना परत कामावर कधी घ्यायचं, ते तो हिच्या आकड्यावर ठरवत होता.

तिनं नंबर शोधून फोन लावला. "डॉक्टर, सध्या कोणी परत येतंय का कामावर?"

"नऊजणी, सोमवारी. तुमच्याच निकषानं. का हो?"

सोमवारी! आता बोललं तर पंधरा वर्षांची मेहनत पाण्यात.

"घेऊ नका," ती म्हणाली. "माझा निबंध चुकलाय. मी तो मागे घेतेय."

तेच तिनं नियतकालिकाला लिहिलं, तेच संस्थेला, आणि बढतीचा अर्जही मागे घेतला.

येसूबाई दारात उभी होती. तिला सगळं नाही, पण पुरेसं कळलं होतं. "आमच्यापायी वाटोळं झालं ना गो तुझं?"

"नाय आत्या. तुला टायफॉइड झालेला, तवा म्हैनाभर जवळा कोणी सुकवला?"

"तूच की, माझ्या बदली."

"मंग? बाहेरच्या माणसाला नाय सुचलं तर ठीक हाय. रक्त द्याला तीच बाई आलीय का, हे मला विचाराला सुचू नये?"