तीन आठवडे राफाल नाही

बाईंना फ्रेंचचे जेमतेम पंधरा शब्द येत, आणि तेही सगळे वाऱ्याचे. उड्डाणशाळेचे मास्तर फ्रेंचमधून शिकून आलेले, म्हणून या छोट्या विमानतळावर बाई रोज लिहीत तो हवामानाचा कागद फ्रेंचमध्येच निघे. बाजारात पाव मागायची वेळ आली असती तर बाई उपाशी राहिल्या असत्या. पण ‘व्हाँ’ म्हणजे वारा आणि ‘राफाल’ म्हणजे वाऱ्याचा झपाटा, हे त्या झोपेतही सांगत. इतरांना राफाल म्हटलं की लढाऊ विमान आठवे. बाईंना आठवत धावपट्टीवर तिरकी उतरलेली शिकाऊ पोरं.

नियम सोपा होता. वाऱ्याच्या वेगाची सरासरी नॉटमध्ये काढायची. झपाटा तिच्यापेक्षा दहा नॉटनी वर गेला तरच कागदावर राफाल लिहायचा. बावीस वर्षं बाईंनी तो इमानेइतबारे लिहिला. आणि आता सलग तीन आठवडे तो एकदाही लिहावा लागला नव्हता. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. तीन आठवड्यांपूर्वीच पश्चिमेला विमानं ठेवायचं नवं हँगर उभं राहिलं होतं, आणि वारा मोजणारा खांब नेमका त्याच्या आडोशाला आला होता.

“हवा चांगली आहे तर तुमचं का पोट दुखतंय?” मास्तर हसून म्हणत. बाईंना त्या हसण्याचाही संशय येई. पोरं रोज उडाली तर शाळेचंच भलं!

त्या दिवशी सकाळी खांबावरचं यंत्र म्हणालं, व्हाँ नऊ, राफाल नाही. धावपट्टीजवळची वारा दाखवणारी कापडी पिशवी मात्र क्षणात ताठ होई, क्षणात मान टाकी. आणि दहा वाजता बाईंची लेक पहिल्यांदा एकटी उडणार होती.

“आजचं राहू दे,” बाई म्हणाल्या. “यंत्रावर माझा भरवसा नाही.”

“यंत्रावर की माझ्यावर?” लेक हातातलं हेल्मेट आपटत म्हणाली. “सगळ्यांची पोरं उडाली तेव्हा कुठे गेला होता तुझा संशय?”

तीन आठवडे बाईंच्या मनात पाल चुकचुकत होती, पण हट्टाला पेटल्या त्या आजच. वारा खरंच खोडी काढतोय, की आपल्यातली आईच बोलतेय? त्यांना स्वतःचाच संशय आला. त्यांनी कपाटातलं हातात धरायचं वारामापक काढलं आणि लेकीपुढे धरलं.

“तूच मोज. उघड्यावर, दहा मिनिटं. मी बघणारसुद्धा नाही.”

धावपट्टीच्या कडेला बाई पाठ फिरवून उभ्या राहिल्या. लेक रागारागात आकडे ओरडत होती. “तेरा! बारा! चौदा! झालं समाधान? बारा...” मग आवाज थांबला.

“काय झालं?”

“सत्तावीस.” थोड्या वेळाने, खालच्या आवाजात, “परत सव्वीस.”

बाईंनी वळून पाहिलं नाही. लेक तडक मास्तरांकडे गेली.

“आज नाही उडणार, मास्तर.”

“आईने पढवलं वाटतं?”

“मी मोजलंय. खांब हलवा आधी. आणि आधी उडालेल्यांनाही कळवा, त्यांना कुठला वारा सांगितला होता ते.”

मास्तरांचं हसू मावळलं. लेकीने वारामापक परत दिलं नाही, स्वतःच्या पिशवीत टाकलं.

“आता हे माझ्याकडेच राहील,” ती आईला म्हणाली. “वारा पडला की मीच सांगेन, आणि तेव्हा तू हूं की चूं करायचं नाहीस.”

“बरं,” बाई म्हणाल्या. आणि तीन आठवड्यांनी कागदावर राफाल लिहायला आत गेल्या.